जुना पेट्रोल श्रेडर पुन्हा कामाला लावताना: आधी पाती, मग पेट्रोल, शेवटी इंजिन

फांद्या, झावळ्या आणि पालापाचोळा बारीक करून झाडांच्या बुंध्याशी आच्छादन घालण्यासाठी घेतलेला पेट्रोल श्रेडर काही वर्षांनी शेडच्या कोपऱ्यात जाऊन पडतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "इंजिन गेलंय, लोड घेत नाही." खरं तर बहुतेक वेळा इंजिन शाबूत असतं. पाती बोथट झालेली असतात, पट्टा घसरत असतो, नाहीतर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकटा धरलेला असतो. ही सगळी कामं घरी होण्यासारखी आहेत. इंजिन उघडायची वेळ आलीच, तर ती आली आहे हे कळायलासुद्धा आधी बाकीचं नीट झालेलं असावं लागतं. म्हणून क्रम महत्त्वाचा.

खालचे इंजिनाचे आकडे होंडा जीएक्स १६० (१६३ सीसी) आणि जीएक्स २०० (१९६ सीसी) या एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनांचे आहेत. बाजारात १६८एफ या नावाने मिळणारी बरीचशी चिनी इंजिनं याच बांधणीची आहेत, त्यांनाही हे आकडे सहसा लागू पडतात. इंजिन वेगळ्या घराण्याचं असेल तर क्रम हाच ठेवा, आकडे मात्र त्याच्या पुस्तिकेतले घ्या.

हत्यारं साधी लागतात: १० ते १९ मिमीचे रिंग पाने, २१ मिमीचा प्लग पाना, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), बारीक कानस, ग्रीस गन, कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळणारा) मिळाला तर उत्तम.

हात घालण्याआधी

प्लगची टोपी काढा आणि ती प्लगला परत टेकणार नाही अशी बाजूला बांधून ठेवा. नुसतं स्विच बंद करून भागत नाही. रोटर, म्हणजे पाती बसवलेला फिरता भाग, थेट इंजिनाच्या शाफ्टवर बसवलेला असेल, तर हाताने रोटर फिरवला की पिस्टनही फिरतो आणि गरम इंजिन एखादा ठोका टाकू शकतं. पट्टा असला तरी तेच, मध्ये क्लच नसेल तर इंजिन आणि रोटर एकत्रच फिरतात. पाती हाताळताना जाड चामड्याचे हातमोजे घाला, आणि रोटर फिरू नये म्हणून लाकडाचा ठोकळा अडकवा.

यंत्र कलतं करायचं असेल तर आधी पेट्रोलची तोटी बंद करा, आणि प्लगची बाजू वर राहील असं कलवा. उलटं कलवलं की ऑइल एअर फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये उतरतं. मग सुरू केल्यावर निळ्या धुराचा लोट निघतो आणि पिस्टनच्या रिंगा गेल्या असं वाटून नाहक खर्च होतो.

पाती

धार गेल्याच्या खुणा यंत्राच्या पोटात नाही, बाहेर पडणाऱ्या चुऱ्यात दिसतात. नीट धारेचं पातं फांदीचे स्वच्छ कापलेले तुकडे टाकतं. बोथट पातं फांदी कापत नाही, चेचतं. चुऱ्यात लांब धागे आणि साल सुटलेल्या काड्या येतात, फांदी आपणहून आत ओढली जात नाही, हाताने रेटावी लागते. इंजिन दबतं ते इथे.

झाकण उघडल्यावर आत दोन प्रकारची हत्यारं दिसतील. रोटरच्या चकतीवर बोल्टने पक्की बसवलेली दोन (काही यंत्रांत तीन-चार) कापणारी पाती, आणि पिनांवर सैल झुलणाऱ्या हातोड्या. पाती फांद्या कापतात, हातोड्या पाला कुटतात. रोटरसमोर चौकटीला एक स्थिर पातं असतं. कात्रीचं दुसरं पान तेच, पण नेमकं याच्याकडेच दुर्लक्ष होतं.

काढण्याआधी प्रत्येक पात्यावर आणि त्याच्या जागेवर मार्करने १, २ असे आकडे टाका. बोल्ट गंजले असतील तर भेदक तेल मारून रात्रभर सोडा. डोकं घासलं गेलेला बोल्ट परत वापरू नका. नवे बोल्ट ८.८ ग्रेडचेच घ्या, डोक्यावर तसा आकडा कोरलेला असतो, आणि नटही दर वेळी नवे, नायलॉनच्या कड्याचे घ्या. कारण साधं आहे. रोटरचा व्यास ३०० मिमी आणि वेग मिनिटाला २७०० फेरे धरला, तर पात्याचं टोक सेकंदाला सुमारे ४२ मीटर, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने धावतं. तिथे हार्डवेअरच्या दुकानातला बिनखुणेचा बोल्ट चालत नाही.

धार लावण्याआधी पात्याच्या मूळ उताराचा पत्र्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा साचा कापून ठेवा. बहुतेक पात्यांचा कोन ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान असतो. यंत्राचा जो आहे तोच राखा. कोन कमी केला तर पहिले दोन दिवस झकास चालतं, मग आंब्याच्या सुक्या फांदीने धारेचे तुकडे पडतात. घासायचं ते फक्त उताराच्या बाजूने. सपाट बाजू सहाणेवर हलकेच फिरवून तिथली लव काढायची, एवढंच. ग्राइंडरवर दोन-तीन सेकंद टेकवून लगेच पाण्यात बुडवा. धारेवर निळी छटा आली की पात्याचं पाणी उतरलं असं समजा. तेवढा भाग मऊ पडतो आणि धार तासाभरात जाते. निळा भाग पुरता घासून काढा किंवा पातं बदला. याच कारणाने धारेला पडलेल्या खाचांवर वेल्डिंगचा भर टाकून घेऊ नका.

खाच ३ मिमीपेक्षा खोल असेल तर घरच्या ग्राइंडरचा नाद सोडा. एमआयडीसीतल्या कुठल्याही टूलरूममध्ये सरफेस ग्राइंडर असतो. सगळी पाती एकत्र देऊन सारख्याच मापाने घासून घ्या.

धार झाली की वजन. दोन पात्यांत २ ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. जड पात्याच्या मागच्या, न कापणाऱ्या कडेवरून घासून वजन उतरवा, धारेकडून नाही. बसवताना जागा तारेच्या ब्रशने लख्ख करा, पात्याखाली राहिलेला लाकडाचा चिकटा पातं तिरपं बसवतो. घट्ट करण्याचं माप: एम८ बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर, एम१० ला ५०, एम१२ ला ८५.

आता फिरत्या आणि स्थिर पात्यातली फट. पुस्तिकेत आकडा असेल तर तोच, नसेल तर १ ते १.५ मिमी ठेवा. हॅकसॉचं पातं सुमारे ०.६ मिमी जाड असतं, दोन पाती एकावर एक ठेवली की घरगुती गेज तयार. हॅकसॉच्या दात्यांची बाजू वाकवलेली असते, म्हणून मापाला मधला सपाट भाग घ्या. एकाच पात्याशी माप घेऊन थांबू नका, रोटर हाताने सावकाश पूर्ण फिरवून प्रत्येक पात्याशी बघा. फट ३ मिमीवर गेली की ओली साल न कापता मध्ये दुमडते आणि रोटर जाम होतो. स्थिर पात्याला बहुधा दोन ते चार वापरण्याजोग्या कडा असतात. एक बोथट झाली की फिरवून बसवा.

हातोड्या, बेअरिंग, पट्टा

हातोड्यांच्या एका बाजूची कड गोल झाली की त्या उलटून लावता येतात. एक तुटली तर तिची समोरासमोरची जोडीदारही बदला, नाहीतर यंत्र इतकं थरथरतं की चौकटीच्या वेल्डिंगला तडे जातात. हातोडीचं भोक लांबट झालं असेल किंवा पिनेवर नखाला लागेल एवढी खाच पडली असेल, तर पिना आणि हातोड्या एकदमच नव्या घाला. जुन्या पिनेवर नवी हातोडी महिनाभरही टिकत नाही.

पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रांत रोटरचा शाफ्ट सहसा ठोकळ्यातल्या बेअरिंगवर असतो. ठोकळ्यावर यूसीपी २०५ किंवा यूसीएफ २०५ असं लिहिलेलं दिसलं तर शाफ्ट २५ मिमीचा. पट्टा काढून रोटर हाताने फिरवा. खरखर जाणवली, किंवा रोटर वर-खाली हलवल्यावर टक-टक वाजलं, तर बेअरिंग बदला. बेअरिंग मरण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे नारळाच्या झावळीचे आणि केळीच्या सोटाचे धागे. ते शाफ्टभोवती गुंडाळले जाऊन बेअरिंगचं सील कापतात. दर चार-पाच तासांच्या कामानंतर प्लगची टोपी काढून हे धागे चाकूने कापून काढा. सोसायटीच्या आवारात निर्माल्य याच यंत्रातून काढत असाल, तर हारांचे दोरे आणि तारा आधी वेगळ्या करणं टाळू नका.

ग्रीस लिथियमचं, २५ तासांनी गनचे दोन दाबे. जास्त ग्रीस भरलं की बेअरिंग तापतं आणि सील फुगून बाहेर येतं. बेअरिंगच्या आतल्या कड्याला शाफ्टवर धरणारे छोटे ग्रब स्क्रू सुटतात, त्यांना थ्रेडलॉकचा (आटे धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा) थेंब द्या.

पट्ट्याच्या बाजू आरशासारख्या चकचकीत झाल्या असतील तर तो घसरतोय. रबर जळाल्याचा वास आणि लोड आल्यावर इंजिनाचा वेग तसाच, पण रोटर मंद, ही त्याची खूण. पट्ट्यावर छापलेला नंबर बघून तोच घ्या. ए पट्टा वरून १३ मिमी रुंद असतो, बी १७ मिमी. नंबर पुसला गेला असेल तर रुंदी मोजा. ताण असा तपासा: दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर, ४०० मिमीच्या अंतराला साधारण ६ मिमी दबला पाहिजे. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का हे सरळ पट्टी लावून बघा. पट्टे जोडीने असतील तर जोडीनेच बदला.

पेट्रोल आणि कार्बोरेटर

यंत्र उभं राहून दोन महिने झाले असतील तर टाकीतलं पेट्रोल बाहेर काढा, वास कितीही ताजा वाटो. आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि या जुन्या इंजिनांच्या पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतचीच मुभा देतात. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. कोकणातल्या पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवली की पाण्याचा अंश वाढून तळाशी वेगळा थर बसतो, कार्बोरेटरच्या वाटीत पांढरा-हिरवट चुरा धरतो आणि जुनी रबरी नळी आतून मऊ होऊन सोलते. नळी दाबल्यावर चिकट लागली किंवा वाकवल्यावर भेगा दिसल्या तर इथेनॉलला टिकणारी नवी नळी घाला. फार मोठा खर्च नाही.

कार्बोरेटर साफ करण्याचा क्रम असा. तोटी बंद करा. तोटीखालचा छोटा गाळाचा कप १० मिमी पान्याने सोडून धुवा, त्याची रबरी रिंग जपा. मग कार्बोरेटरच्या वाटीखालचा १० मिमी बोल्ट काढा, खाली भांडं धरा. वाटी उतरली की फ्लोटची (वाटीत तरंगणाऱ्या तुकड्याची) पिन बोटाने सरकवून फ्लोट आणि सुई काढा. सुईच्या टोकाला गोल खाच पडली असेल तर पेट्रोल वाहत राहतं, ती बदला. मधल्या खांबात तळाशी मुख्य जेट (पेट्रोलचं बारीक भोक असलेला पितळी तुकडा) आहे, तो बरोबर बसणाऱ्या चपट्या स्क्रू ड्रायव्हरने सोडवा. पितळ मऊ असतं, बारीक ड्रायव्हरने खाच चेपली की जेट निघत नाही. जेटच्या वर लांब नळी असते, आडव्या भोकांची. ती आपोआप खाली पडेल, नाहीतर वरून काडीने ढकला. वरच्या बाजूला स्लोच्या, म्हणजे मोकळ्या इंजिनाचा वेग ठरवणाऱ्या, स्क्रूखाली प्लास्टिकच्या डोक्याचा पायलट जेट आहे. सगळ्यांत आधी बुजतो तो हाच, आणि साफ करायचा राहतोही हाच.

भोकं साफ करायला लवचीक वायरमधली तांब्याची एकच तार घ्या. सुई किंवा पोलादी तार घातली तर भोक मोठं होतं आणि मग इंजिन कायम काळा धूर सोडतं. क्लीनर मारून जेट उजेडाकडे धरा, भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. कार्बोरेटरच्या अंगातल्या वाटांमध्येही स्प्रेची नळी टेकवून मारा. डोळ्यांवर चष्मा हवा, फवारा उलटा येतो.

गॅस्केटांची (सांध्यांमधल्या पातळ चकत्यांची) मांडणी काढताना फोटो काढून ठेवा. मधला प्लास्टिकचा जाड तुकडा उलटा बसला किंवा गॅस्केट फाटकं राहिलं की हवा चोरून आत जाते. मग इंजिन मोकळं असताना सारखं वर-खाली होत राहतं. चोक अर्धा ओढल्यावर ते शांत झालं, तर पेट्रोल कमी पडतंय हे नक्की: एकतर पायलट जेट बुजलेला आहे, नाहीतर हवा शिरते आहे.

दहा मिनिटं नीट चालून इंजिन विझत असेल तर कार्बोरेटरकडे वळण्याआधी टाकीचं झाकण सैल करून चालवा. झाकणाचं हवेचं भोक बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं.

ठिणगी

प्लग एनजीके बीपीआर६ईएस, फट ०.७ ते ०.८ मिमी. ठिणगी तपासताना इंजिनातला प्लग जागेवरच ठेवा आणि टोपीत दुसरा प्लग घालून त्याचं धातूचं अंग सिलिंडर हेडला टेकवा. उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते आणि ठिणगीने पेट घेते, म्हणून ही काळजी.

ठिणगी नाही? सर्वांत आधी ऑइलची पातळी. या इंजिनांत बरेचदा ऑइल कमी झालं की ठिणगी बंद करणारा सेन्सर असतो. पातळी बरोबर असूनही ठिणगी नसेल तर सेन्सरची पिवळी वायर सोडवून बघा, मग बंद करण्याच्या स्विचची काळी वायर. वायर सोडल्यावर ठिणगी आली तर दोष त्या वायरीच्या दिशेला. तपास झाला की वायर परत जोडा, ऑइलचा सेन्सर कायमचा काढून ठेवण्यात शहाणपण नाही. तरीही ठिणगी नसेल तर पंख्याचं कवच काढा. दमट हवेत फ्लायव्हीलच्या (शाफ्टवरच्या जड चाकाच्या) चुंबकावर आणि ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइलच्या पायांवर गंज धरतो. तो पॉलिश पेपरने साफ करून दोहोंतली फट ०.४ मिमी ठेवा.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी इंजिन कार्बोरेटरमधून फटकारतं किंवा दोरी हाताला उलटा झटका देते. यंत्र याआधी जाड फांदीने एकदम अडकून बंद पडलं होतं का, हे आठवा. रोटर शाफ्टवर थेट असलेल्या यंत्रांत असा धक्का फ्लायव्हीलच्या चावीवर, म्हणजे त्याला शाफ्टवर नेमक्या जागी धरणाऱ्या छोट्या तुकड्यावर, येतो. चावी अर्धवट कातरली की फ्लायव्हील किंचित सरकतं आणि ठिणगीची वेळ चुकते. १९ मिमीचा नट सोडवून फ्लायव्हील पुलरने काढा. हातोडीने ठोकलं तर शाफ्टचे आटे आणि बेअरिंग दोन्ही जातात, आणि पंख्याच्या पात्यांत ड्रायव्हर अडकवून नट सोडवला तर पंखा फुटतो. काही इंजिनांत ही चावी मुद्दाम मऊ धातूची असते, तिच्या जागी लेथवाल्याकडून पोलादी तुकडा करून घालू नका. परत बसवताना शाफ्टचा निमुळता भाग कोरडा पुसा, नट ७५ न्यूटन-मीटर.

टॅपेट

थंड असताना सुरू होतं, पण काम करून बंद केलं की अर्धा तास सुरूच होत नाही, ही टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट, घट्ट झाल्याची ठळक खूण. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं आपल्या बैठकीत खोल जातो, फट संपते आणि तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही.

इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभं असलेलं उत्तम. व्हॉल्व्हचं झाकण काढा, दोरी सावकाश ओढत दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले आणि पिस्टन वर, अशा स्थितीला आणा. पिस्टन टोकावरून अगदी किंचित खाली उतरू द्या, म्हणजे सुरू करणं हलकं करणारी यंत्रणा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलून धरणार नाही. इनटेकची फट ०.१५ मिमी, एक्झॉस्टची ०.२० मिमी. गेज किंचित अडखळत सरकला पाहिजे. लॉक नट आवळल्यावर पुन्हा मोजा, आवळताना माप हमखास हलतं.

फट बरोबर, ठिणगी बरोबर, कार्बोरेटर साफ, पाती धारदार, आणि तरीही दम नाही किंवा निळा धूर थांबत नाही, तर मग रिंगा आणि व्हॉल्व्हचं काम मेकॅनिककडे न्या. साध्या कॉम्प्रेशन गेजच्या आकड्यावर विसंबू नका. सुरू करणं हलकं करणारी तीच यंत्रणा आकडा मुळातच कमी दाखवते.

ऑइल, फिल्टर, पंखे

ऑइल ०.६ लिटर, १०डब्ल्यू-३०. मोटारसायकलचं फोर-स्ट्रोक ऑइल चालतं. १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदला, धुळीत काम असेल तर ५० तासांना. गरम असताना काढा म्हणजे गाळही उतरतो. पातळी पाहताना यंत्र सपाट हवं आणि काडी आटे न फिरवता नुसती टेकवायची.

श्रेडरचा एअर फिल्टर इतर कुठल्याही बागयंत्रापेक्षा लवकर भरतो, म्हणून सुका पाला कुटत असाल तर दर १० तासांनी बघा. स्पंज साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, स्वच्छ ऑइलमध्ये बुडवून घट्ट पिळा. कागदी भाग आपटून झटका, आतून बाहेर हलकी हवा मारा, धुवू नका.

वर्षातून एकदा पंख्याचं कवच काढून सिलिंडरवरच्या, तो गार ठेवणाऱ्या पातळ कडांमधला (यांनाही पंखे म्हणतात) चोथा ब्रशने काढा. इथे उंदीर घर करतात. हवा न लागल्याने इंजिन तापतं आणि व्हॉल्व्ह जळतात. धुण्याच्या प्रेशरचं पाणी इथे मारू नका.

चालवताना

यंत्र मोकळ्या जागेत, पूर्ण रेसवर चालवा. अर्ध्या रेसवर फांद्या घातल्या तर रोटरला नेट राहत नाही आणि जाम होतो. पण ताकद वाढवायला गव्हर्नरची (वेग आवरणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग ताणू नका. इंजिनाचा वेग मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या आसपास बांधलेला असतो, त्यापुढे हातोड्या आणि पिना यांच्यावरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो.

छाटलेली फांदी आठवड्याभरात यंत्रातून काढा, सुकल्यावर ती पात्यांना दुप्पट खाते. बांबू ओला असला तरी त्यातल्या सिलिकामुळे धार लवकर नेतो. ओला पाला एकटा घातला की चुरा बाहेर पडण्याच्या वाटेवरची जाळी बुजते, म्हणून मूठभर पाला, मग एक सुकी काडी असं आलटून पालटून घाला. जाम झालं तर आधी इंजिन बंद, रोटर पूर्ण थांबू द्या, प्लगची टोपी काढा, मगच झाकण उघडा.

पावसाळ्याआधी ठेवताना

टाकी रिकामी करा, तोटी बंद करून इंजिन आपोआप विझेपर्यंत चालवा, मग वाटीचा निचरा स्क्रू सोडून उरलेले थेंबही काढा. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घाला, दोरी दोन-तीनदा हळू ओढा, प्लग बसवा. शेवटी दोरी जड लागेपर्यंत ओढून तिथेच सोडा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले राहतात आणि दमट हवा आत जात नाही. पात्यांना आणि रोटरला जुन्या ऑइलचा हात फिरवा. प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, तिच्याखाली घाम धरतो. विटांवर उभं करून वरून गोणपाट टाका.